मिरचीचा लाल आणि रंगांचा शब्दकोश

हिवाळ्यात नंदुरबारच्या पथारींवर मिरची वाळत घातलेली असते. जमीन दूरवर लाल दिसते. वर्गात दाखवण्यासाठी आम्ही त्याचा फोटो काढला. संगणकाच्या पडद्यावर तो झकास दिसला, पण घरच्या प्रिंटरवर छापला तर मिरची विटकरी! दोष कोणाचा?

हा प्रश्न जुना आहे. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो मळवलीला गेला. तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळ्या दगडावर चित्र काढावे लागे आणि तोच कागद एकेका दगडावर पुन्हा पुन्हा छापला जाई. मूळ चित्राशी रंग जुळला की नाही, हे कारागिराची नजर ठरवी. ती नजर दुसऱ्याला पत्राने कशी कळवणार?

त्यासाठी रंग आकड्यांत सांगता यायला हवा. 1920 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये राइट यांनी 10 आणि गिल्ड यांनी 7 जणांवर प्रयोग केले. समोरच्या रंगीत प्रकाशाशी जुळेपर्यंत त्यांनी लाल, हिरवा व निळा प्रकाश कमीजास्त करायचा होता. या 17 जणांच्या नजरेवरून आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने 1931 साली 'प्रमाण निरीक्षक' ठरवला. आता कोणताही रंग तीन आकड्यांत सांगता येऊ लागला.

यंत्रांची बोली मात्र वेगवेगळीच राहिली. तेच आकडे दोन पडद्यांवर दोन प्रकारचे लाल दाखवत. 1993 मध्ये आठ कंपन्या एकत्र आल्या आणि रंग-प्रोफाइलची समाईक मांडणी पुढे आली. प्रोफाइल म्हणजे एका यंत्राचे आकडे प्रमाण भाषेत सांगणारा शब्दकोश.

मग आमची मिरची विटकरी का झाली? पडदा स्वतः प्रकाश देतो. कागदावरची शाई मात्र पडलेल्या प्रकाशाचा काही भाग शोषून घेते. उरलेला आपल्याला दिसतो. कागदावर लाल रंग किरमिजी आणि पिवळ्या शाईतून तयार होतो. साधा कागद शाई पितो आणि रंग मंदावतो. म्हणून प्रोफाइल प्रिंटर, शाई आणि कागद या तिघांची मिळून असते. आम्ही चकचकीत कागदाची प्रोफाइल निवडून साध्या कागदावर छापले होते. शब्दकोशच चुकला होता!

योग्य कागद घेतल्यावर मिरची लाल उतरली, पण पडद्याइतकी झळाळी आली नाही. जो रंग शाई-कागदाजवळ नाहीच, तो कोणतीही प्रोफाइल आणू शकत नाही. ती फक्त त्याच्या जवळचा रंग निवडते.

एकच फोटो दोन कागदांवर छापा आणि दिवसाच्या उजेडात मुलांना फरक शोधू द्या.