वहीची दुसरी बाजू : नगरांचा उदय आणि आपले देवनार

चार दशके कापडाचा व्यवसाय करताना एक धडा मनात पक्का बसला. वहीची केवळ जमेची बाजू वाचून पेढीची खरी स्थिती कळत नाही. नावेची बाजूही तितक्याच काळजीने पाहावी लागते. नगरांच्या इतिहासासही हाच नियम लागू पडतो. माणसे आणि माल शहराकडे का येतात, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. शहराला जे नकोसे होते ते कोठे जाते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. देवनारच्या रहिवाशांनी तो करणे अगत्याचे आहे.

नगराचे मूळ धान्याच्या शिलकेत आहे. शेतकऱ्याच्या घरी गरजेपेक्षा अधिक पिकू लागले, तेव्हाच विणकर, कुंभार, सोनार, लेखनिक अशी स्वतः न पेरणारी माणसे एके ठिकाणी राहू शकली. मोहेंजोदडो, हडप्पा आणि लोथल ही साडेचार हजार वर्षांपूर्वीची नगरे त्याची साक्ष देतात. आपल्या महाराष्ट्रात सातवाहनकाळी घाटावर पैठण व तेर, तर किनाऱ्यावर कल्याण व सोपारा ही नगरे भरभराटीस आली आणि नाणेघाटासारख्या वाटांनी ती एकमेकांशी जोडली गेली. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगर, म्हणजे आजच्या तेर येथील कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांचा उल्लेख आढळतो. जिनप्रभसूरींनी १४ व्या शतकात ‘विविधतीर्थकल्प’ रचला, तेव्हा त्यांनीही प्रतिष्ठानपुराची, म्हणजेच पैठणची, स्वतंत्र दखल घेतली. व्यापाराची वाट आणि खोल पाणी जोवर साथ देते, तोवर नगर टिकते. सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली आणि ते बंदर मागे पडले.

मुंबईच्या भाग्याचा उदय याच नियमाने झाला. १६६८ मध्ये ही बेटे वार्षिक १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. सुरक्षित खोल बंदर हे त्यांचे खरे धन होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्याने इंग्लंडला आपला कापूस हवासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. जैन समाजातील प्रेमचंद रायचंद हे त्या तेजीचे सर्वांत ठळक नाव. युद्ध संपताच १८६५ मध्ये बाजार कोसळला. १८६४ च्या गणनेत सुमारे ८ लाख १६ हजार असलेली लोकसंख्या १८७२ मध्ये सुमारे ६ लाख ४४ हजारांवर आली. पुढे १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, गिरण्या वाढल्या आणि कोकण, घाट, गुजरात, कच्छ व मारवाड येथून माणसे पुन्हा येऊ लागली. कामाची ओढ हीच शहराच्या वाढीची मुख्य शक्ती होय.

ही झाली जमेची बाजू. आता दुसरी पाहू. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली आणि दाट वस्तीतील घाण किती घातक असते, हे सर्वांना कळून चुकले. शहराचा कचरा रेल्वेच्या वाघिणींतून चेंबूरच्या दलदलीत येऊ लागला. कुर्ला-चेंबूर मार्गावर प्रवासी वाहतूक सुरू झाली १९२४ मध्ये. कचरा त्याआधीच येथे पोहोचला होता. १९२७ मध्ये देवनारची क्षेपणभूमी अस्तित्वात आली. १९५४-५५ च्या सुमारास जवळच तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. १९७१ मध्ये पशुवधगृह येथे आले, ज्याचा उल्लेखही आपल्या समाजाला क्लेश देतो. १९७६ मध्ये आणीबाणीच्या काळात जनता कॉलनीतील कुटुंबे हलवून चिता कॅम्प येथे वसविण्यात आली. अपवाद म्हणून १९५४ मध्ये देवनारला आलेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा गौरवाने उल्लेख केला पाहिजे.

परंतु शहराची सीमा कधी स्थिर राहत नाही. १९७३ मध्ये ठाणे खाडीवर पूल झाला, १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीपर्यंत रेल्वे गेली आणि कालचा कडेचा भूभाग महानगराच्या मध्यावर आला. मी दुकान थाटले तेव्हा १९८२ च्या संपाने गिरण्या खिळखिळ्या झाल्या होत्या. गिरणीच्या कापडाची जागा भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांचा माल घेत होता. क्षेपणभूमीलगतच्या वस्त्यांतील माता जून महिन्यात मुलांच्या गणवेशाचे कापड घेण्यास येत. दर विचारून, पदराच्या गाठीतील पैसे दोनदा मोजून त्या कापड फाडायला सांगत. शहराच्या वाढीची किंमत कोण मोजते, हे मला पुस्तकातून नव्हे, त्या गाठींतून उमगले.

जानेवारी २०१६ मध्ये क्षेपणभूमीला आग लागली, धूर कित्येक दिवस पसरला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २०२४ मध्ये याच भूमीतील सुमारे १२४ एकर जागा धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. म्हणजे शतकाच्या कचऱ्याखालील भूमीवर माणसांची घरे येणार. ती भूमी आधी खरोखर शुद्ध व्हावी, असा आग्रह शेजारी या नात्याने आपण धरला पाहिजे.

बंधू-भगिनींनो, सुवर्णमहोत्सव हा मागील पन्नास वर्षांचा ताळेबंद मांडण्याचा प्रसंग असतो. आपल्या घरातून रोज निघणारी कचऱ्याची पिशवीही त्या ताळेबंदातील एक रक्कम आहे. ओला व सुका कचरा वेगळा करणे, समारंभातील पत्रावळी-पेले कमी करणे, एवढे तर आपल्या हाती आहे. नावेची ती रक्कम घटवणे हे देवनारमध्ये राहणाऱ्यांचे तरी प्रथम कर्तव्य ठरते.