आकड्यांचा पुन्हा सूर होताना

गाणं मन लावून ऐकणाऱ्यांच्या घरात एक छोटा शब्द हमखास कानावर पडतो : डॅक. पूर्ण नाव डिजिटल टु अ‍ॅनलॉग कन्व्हर्टर. आकड्यांच्या रूपात साठवलेलं गाणं पुन्हा विजेच्या लहरीत बदलून अ‍ॅम्प्लिफायरच्या हवाली करायचं, एवढंच त्याचं काम. सीडी प्लेअरमध्ये तो असतो, मोबाइलमध्ये असतो, टीव्हीत असतो. शौकिनांसाठी तो वेगळ्या पेटीतही मिळतो. ही पेटी काही हजारांना येते आणि वीस-पंचवीस लाखांनाही येते. काम दोघींचं एकच. मग एवढा फरक कशाचा?

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला विज्ञान नव्हतं. पण ओळीतल्या मात्रा मोजण्यात आयुष्य गेलेलं असल्यामुळे मोजणी आणि सूर यांचं नातं मला परकं नाही. शिवाय या प्रश्नाचं उत्तर दुकानात नाही, इतिहासात आहे, असं माझं मत आहे.

इतिहास सुरू होतो पॅरिसमध्ये. अ‍ॅलेक रीव्ह्ज हा इंग्रज इंजिनीअर तिथे १९३७ च्या सुमारास टेलिफोनवर काम करत होता. दूरच्या फोनची अडचण अशी, की वाटेत आवाज वाढवावा तर खरखरही वाढते. रीव्ह्जनं सुचवलं, लहर पाठवूच नका. ठरावीक क्षणाला तिची उंची मोजा आणि तो आकडा पाठवा. खरखर आवाज बिघडवू शकते. आकडा नीट वाचता आला, की खरखरीचं काही चालत नाही. १९३८ साली फ्रान्समध्ये त्याचं पेटंट झालं. पण जमाना व्हॉल्व्हचा होता, हे काम स्वस्तात करणारी यंत्रंच नव्हती. कल्पना पुढे आणि काळ मागे, असं झालं.

पुढे अमेरिकेत क्लॉड शॅनन यानं १९४९ साली त्याची गणिती बाजू स्पष्ट मांडली. लहरीत जी सर्वांत उंच कंपनसंख्या असेल, तिच्या दुपटीहून अधिक वेळा दर सेकंदाला मोजणी केली, तर त्या आकड्यांवरून मूळ लहर पुन्हा उभी करता येते. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. डिजिटल आवाज म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांचा, तुटक आवाज, असं अनेकांना वाटतं. पायऱ्या असतात त्या वाटेत. शेवटी फिल्टर त्या पुसून टाकतो आणि स्पीकरकडे जाते ती अखंड लहरच.

प्रत्यक्ष घराघरांत हे आलं ते सीडीबरोबर. फिलिप्स कंपनीनं मार्च १९७९ मध्ये हॉलंडमधल्या आइंडहोव्हन इथं नमुना दाखवला आणि जपानच्या सोनीशी हातमिळवणी केली. १९८० साली नियम ठरले. सेकंदाला ४४,१०० मोजण्या आणि प्रत्येक मोजणी १६ बिटांची, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. हा ४४,१०० चा विचित्र आकडा आला कुठून? तेव्हा असे आकडे साठवायला व्हिडिओ टेपच वापरत. टीव्हीच्या चित्रातल्या २४५ रेघा, दर रेघेत तीन आकडे आणि सेकंदाला ६० वेळा : गुणाकार करून पाहा.

खरी कुस्ती झाली १६ बिटांवरून. फिलिप्सचं म्हणणं १४ पुरेत, कारण त्यांची १४ बिटांची चिप तयार होती. सोनी १६ वर अडून बसली आणि सोनीचं म्हणणं राहिलं. दोन बिटांसाठी एवढा हट्ट का, हे कळायला वाण्याची वजनं डोळ्यांसमोर आणा. एक, दोन, चार, आठ असं दुपटीनं जाणारं सोळा वजनांचं ताट. सर्वांत लहान एक ग्रॅमचं, तर सर्वांत मोठं ३२,७६८ ग्रॅमचं. मोठ्या वजनात चार-दोन ग्रॅमची खोट असली, तर त्या एक ग्रॅमच्या वजनाला अर्थच उरत नाही. डॅकमध्ये ही वजनं म्हणजे विजेचे प्रवाह. इतके अचूक प्रवाह चिपवर तयार करणं त्या काळी महाकठीण होतं.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ जपानमध्ये विक्रीला आला. किंमत १ लाख ६८ हजार येन. त्यात १६ बिटांची चिप होती, पण एकच. ती डाव्या आणि उजव्या कानाला आळीपाळीनं वाढायची. तिच्यापुढे नको असलेली कंपनं एकदम तोडणारा जाडजूड फिल्टर. फिलिप्सनं मात्र १४ बिटांची आपली चिप टाकून दिली नाही. तिला चौपट वेगानं, सेकंदाला १,७६,४०० वेळा पळवली. आणि एक गंमत केली. प्रत्येक आकडा १४ बिटांत बसवताना जे उरेल, ते टाकायचं नाही. पुढच्या हिशेबात वळतं करायचं. सुटे नसले की आपला दुकानदार हेच करतो! अशा रीतीनं १४ बिटांच्या चिपमधून १६ बिटांचं काम निघालं आणि फिल्टरही सौम्य झाला.

माझ्या मते डॅकचा पुढचा सगळा इतिहास या दोन वाटांचा आहे. एक वाट म्हणते, वजनं अचूक करा. दुसरी म्हणते, वजनं थोडी चालतील, हात चपळ करा. दुसऱ्या वाटेचं टोक म्हणजे एकाच बिटाची चिप. तिला फक्त हो आणि नाही कळतं, पण ती ते सेकंदाला लाखो वेळा म्हणते. या पद्धतीचा पाया टोकियोच्या संशोधकांनी १९६२ मध्येच घातला होता. संगीतात ती रुळली १९८० च्या दशकाच्या अखेरीस. ती स्वस्त होती आणि लवकरच उत्तमही झाली. मोबाइलमधला डॅक याच घराण्यातला.

महागड्या पेट्यांतही हीच दोन घराणी नांदतात. अमेरिकेतली एमएसबी कंपनी निवडक रोधकांची शिडी रचते, म्हणजे वजनांची वाट. इंग्लंडमधली कॉर्ड कंपनी चपळ हाताची. तिचे डिझायनर रॉब वॉट्स तयार चिप न घेता स्वतःचं गणित कोऱ्या चिपवर चढवतात. केंब्रिजची डीसीएस १९८७ साली निघाली ती दूरसंचार आणि संरक्षण खात्याची कामं करायला. तिचा ‘रिंग डॅक’ थोडी सारखी वजनं सतत फिरवत ठेवतो, म्हणजे एकाची खोट एकाच जागी साचत नाही. कारागिरी म्हणून या वस्तूंना माझा सलाम आहे. पैठणीच्या पदरासारखा त्यात जीव ओतलेला असतो.

पण ऐकू काय येतं? एका मित्राच्या घरी आम्ही सहा जण दोन डॅक ऐकायला बसलो होतो. एक महाग, एक साधा. महागाकडे सगळ्यांचा कौल. मग मित्राच्या मुलानं मीटर लावून पाहिलं, तर महाग डॅक किंचित मोठ्यानं वाजत होता. दोघांचा आवाज काटेकोर सारखा केला, पेट्यांवर चादर टाकली, आणि कौल विस्कटून गेला. माणसाचा कान थोड्या मोठ्या आवाजाला ‘गोड’ म्हणतो. तो खोटं बोलत नाही, पण त्याला विचारायची पद्धत नीट हवी.

हे एका घरापुरतं नाही. २००७ साली बॉस्टनच्या मेयर आणि मोरान यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च प्रतीची रेकॉर्डिंग थेट एकदा आणि सीडीच्या १६ बिटांतून गाळून एकदा, अशी ऐकवली. ५५४ चाचण्यांत अचूक उत्तरं आली २७६. म्हणजे नाणं उडवण्याइतकीच. २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ राइस यांनी अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा प्रमाण ५२.३ टक्के निघालं; कान तयार केलेल्या श्रोत्यांत ते साठच्या जवळ गेलं. फरक शून्य नाही, हे खरं. पण तो लाखांच्या हिशेबात मावेल एवढाही नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये जपानच्या नोबेओका इथं एकेएम कंपनीच्या चिप कारखान्याला आग लागली आणि जगभरातल्या कितीतरी कंपन्यांना आपले डॅक नव्यानं आखावे लागले. निरनिराळ्या नावांच्या, निरनिराळ्या किमतींच्या पेट्यांच्या पोटात एकाच कारखान्याचा माल होता, हे त्या आगीच्या उजेडात दिसलं.

मला सलते ती किंमत नव्हे. ज्याला परवडतं त्यानं जरूर घ्यावं. सलतं ते एक वाक्य : ‘तुम्हाला फरक कळत नाही, कारण तुमचा कान तयार नाही.’ आमच्या अब्बांनी व्हॉल्व्हच्या रेडिओवर, खरखरीतून, मैफली ऐकल्या. कुठली जागा कशी घेतली, हे त्यांना बिनचूक कळायचं. कान तयार होतो तो ऐकून, खरेदी करून नव्हे.

तेव्हा पैसा लावायचा तर आधी स्पीकरला आणि खोलीला लावावा. तिथला फरक चादर टाकूनही कळतो. आणि आणखी एक. आपल्याकडे घरोघरी जुन्या मैफलींच्या कॅसेट आणि स्पूल पडून आहेत. त्यांचे आकडे करताना काळजी घ्या. टेप साफ करा, यंत्राचं हेड साफ करा, जाणत्याच्या हातून काम करून घ्या. कारण डॅक, मग तो हजाराचा असो की पंचवीस लाखांचा, आकड्यांत आलं तेवढंच परत देतो. जो सूर टेपवरून उचललाच गेला नाही, तो जगातली कुठलीही पेटी पुन्हा जन्माला घालू शकत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)