नदीच्याच जोरावर नदीपार

नदी ओलांडणारी फेरीबोट म्हटली की इंजिन, डिझेल आणि धूर डोळ्यांसमोर येतो. पण इंजिन नाही, वल्ही नाहीत, ढकलायला बांबूही नाही, अशी फेरीबोट मोटारी घेऊन पलीकडे जाऊ शकेल का? कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, उत्तरेकडच्या उस्क या लहानशा वस्तीत अशी फेरी १९१३ साली सुरू झाली आणि शंभराहून अधिक वर्षं टिकली. तिची गोष्ट समजून घेण्यासाठी आधी तिथली नदी पाहू.

स्कीना ही डोंगरांतून वेगानं उतरून पॅसिफिक महासागराला मिळणारी नदी. हजारो वर्षं हीच या मुलखाची वाट होती. त्सिमशियन लोक झाडाच्या खोडातून कोरलेल्या होड्यांतून तिच्यावर ये-जा करत. एकोणिसाव्या शतकात तिथे वाफेवर चालणाऱ्या चाकाच्या बोटी आल्या. उस्कच्या खालच्या अंगाला किटसेलासची अरुंद घळ आहे. तिथला प्रवाह इतका जोरकस, की कड्यांत लोखंडी कड्या ठोकून, त्यांना दोर बांधून बोटी वर ओढाव्या लागत. १९०७ साली याच घळीत ‘माउंट रॉयल’ ही बोट खडकावर आदळून उलटली आणि सहा जण बुडाले.

मग रेल्वे आली. किनाऱ्यावरच्या प्रिन्स रूपर्ट बंदराला जोडणारा ग्रँड ट्रंक पॅसिफिकचा लोहमार्ग १९१४ मध्ये पूर्ण झाला. त्याआधीच, १९१२ साली, वाफेच्या बोटींची वाहतूक थांबली होती. इथे एक गंमत पाहा. काल जी नदी वाट होती, तीच आज अडथळा ठरली. उस्कजवळ लोहमार्ग गेला एका काठानं, तर हमरस्ता झाला दुसऱ्या काठानं. मधे ती वेगवान नदी. दोन्ही काठांना जोडायचं काम या छोट्या फेरीकडे आलं.

ती चालते कशी? दोन्ही काठांवर मनोरे उभारून नदीवरून एक जाड पोलादी दोर ताणलेला आहे. त्यावर एक कप्पी धावते. खाली पाण्यात दोन लांबट पोकळ तरंगते आणि त्यांवर फळ्यांचा तळ, असा तराफा. तो दुसऱ्या दोरांनी कप्पीला बांधलेला असतो. प्रवाह तराफ्याला खाली ढकलतो, दोर त्याला जाऊ देत नाही. आता चालक सुकाणू फिरवून तराफा प्रवाहाला तिरका करतो. तिरक्या बाजूवर आदळणाऱ्या पाण्याच्या बलाचे दोन घटक पडतात. एक प्रवाहाच्या दिशेचा, तो दोर पेलतो. दुसरा नदीला आडवा. त्याला विरोध करायला दोर नाही, कारण कप्पी मोकळी आहे. म्हणून तराफा आडवा सरकत पैलतीराला लागतो. परतताना कोन उलटा करायचा, एवढंच. पतंगाचंही असंच असतं. तिथे वाऱ्याचं बल आणि मांज्याचा ताण, इथे पाण्याचं बल आणि दोराचा ताण. ही कल्पना उस्कची नव्हे. १६५७ साली नेदरलँड्समधल्या नायमेखेन शहरात नांगराला लांब दोरानं बांधलेली अशी बोट चालू लागली होती.

उस्कच्या तराफ्यावर एका वेळी दोन मोटारी आणि बारा माणसं मावतात. गिऱ्हाईक आलं की तो निघतो आणि भाडं पडत नाही. नदीच्या बळावर चालणाऱ्याला नदीची लहर मात्र सांभाळावी लागते. १९३६ च्या महापुरानं उस्क गावाची वाताहत केली. हिवाळ्यात बर्फाचे तुकडे वाहू लागले की तराफा थांबतो. मग माणसं दोरावर टांगलेल्या पिंजऱ्यात बसून नदी ओलांडतात. मोटार मात्र काठावरच राहते. मूठभर घरांसाठी मोठा पूल बांधणं परवडत नाही, आणि फेरीच नसेल तर समोर दिसणारा रस्ता असून नसल्यासारखा. अशा ठिकाणी जुनं तंत्र मागासलेपणामुळे टिकत नाही; ते तिथल्या नदीला आणि तिथल्या गरजेला नेमकं बसतं म्हणून टिकतं.

हा प्रयोग पावसाळ्यात शाळेजवळच्या घोटाभर पाण्याच्या ओहोळात करता येईल. ओहोळावर आडवी सुतळी ताणा, तिच्यात एक गुळगुळीत कडी ओवा. एक फळी सुतळीच्या खालच्या अंगाला पाण्यात आडवी सोडा आणि तिची दोन्ही टोकं दोऱ्यांनी त्या कडीला बांधा. दोन्ही दोरे सारखे असतील तर फळी जागीच राहील. एक दोरा आखूड करा. फळी त्या बाजूला सरकू लागेल. किती तिरकी केली तर सर्वांत वेगानं जाते, हे मुलांना शोधू द्या.

शेवटी त्यांना एक प्रश्न विचारा. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या खाडीवर अशी फेरी चालेल का? भरती-ओहोटीच्या मधल्या वेळी पाणी जवळजवळ थांबतं आणि मग उलटं वाहू लागतं, हे ज्यांनी पाहिलं आहे, ती मुलं उत्तरापर्यंत लवकर पोचतील.