कात्रजचा नळ ते आपली प्रेशर टाकी

‘रौप्यमहोत्सवाच्या अंकात पाण्याच्या टाकीवर लेख?’ असं काहींनी विचारलंच. पण पुण्याचा इतिहास पाण्याशिवाय सांगता येत नाही, मग आपल्या सोसायटीचा तरी कसा सांगणार?

१७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी दगडी भुयारी नळाने सुमारे ८ किलोमीटरवरच्या शनिवारवाड्यापर्यंत आणलं. पंप नाही, वीज नाही. सगळा कारभार उतारावर. पेठांमधले काळा हौद, बदामी हौद हे याच पाण्यावर भरत. नळावर ठिकठिकाणी ‘उच्छ्वास’ बांधलेले होते. कोंडलेली हवा त्यांतून बाहेर पडे. म्हणजे बांधतानाच पुढच्या देखभालीचा विचार केलेला होता.

आपल्याकडे पाणी विहिरीचं. सुरुवातीला गच्चीवरच्या टाकीतून वरच्या मजल्याला करंगळीएवढी धार यायची. म्हणून पंपाशेजारी प्रेशर टाकी बसवली. तिच्यात रबरी फुगा असतो. फुग्यात पाणी, भोवती हवा. पंप पाणी भरतो तशी हवा दाबली जाते आणि नळ उघडला की तीच हवा पाणी ढकलते. तेवढा वेळ पंपाला विश्रांती.

काही वर्षांनी पंप दर मिनिटाला चालू-बंद व्हायला लागला. दोनदा मोटर जळाली. आम्ही कमिटीवाले मोटरलाच शिव्या देत बसलो. शेवटी एका मेकॅनिकने गाडीच्या टायरचा गेज लावला. टाकीत हवाच नव्हती! खर्च दोन मोटरींचा आणि काम सायकलच्या पंपाचं.

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी आम्ही पंप बंद करून, नळ सोडून टाकी पूर्ण रिकामी करतो आणि मग हवा मोजतो. आपला पंप २० पौंडांवर सुरू होतो, म्हणून हवा १८ पौंड हवी. कमी असेल तर भरायची. हवेच्या व्हॉल्व्हमधून पाणी आलं तर फुगा फाटला असं समजायचं आणि तो बदलायचा.

पेशव्यांच्या नळातली हवा बाहेर सोडावी लागे, आपल्या टाकीत ती भरावी लागते. पण कुणीतरी उठून बघावं लागतं, हे दोन्हीकडे सारखंच. या नोंदींची वही पंपघरात खिळ्याला टांगलेली आहे. आम्ही आता थकलो. पुढची पानं तरुण मंडळींनी भरावीत, एवढीच विनंती.