हेअरवुड हाउस: वैभव कुणाचे, घाम कुणाचा?

इंग्लंडमधील यॉर्कशायरचा हेअरवुड हाउस हा वाडा १७५९ ते १७७१ या काळात उभा राहिला. आराखडा जॉन कारचा, आतली सजावट रॉबर्ट अ‍ॅडमची, फर्निचर चिपेंडेलचे. वास्तूचे कौतुक बहुधा इथेच थांबते. आम्ही पुढचा प्रश्न विचारतो: पैसा कुठून आला? लॅसेल्स घराण्याची संपत्ती कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांतून आणि गुलामांच्या व्यापारातून आली होती. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी रद्द झाली, तेव्हा १,२७७ गुलामांच्या मुक्ततेपोटी हेअरवुडच्या अर्लला २६,३०९ पौंड भरपाई मिळाली. राबणाऱ्यांना मात्र एक पैही नाही! नुकसान मालकाचे झाले, असे मानणारा हा न्याय होता. त्या १,२७७ माणसांचा हिशेब मांडल्याशिवाय या वाड्याचा इतिहास पुरा होत नाही, असे आम्ही ठामपणे म्हणतो.