कोशात कारखान्याचा दुवा

आज भिलाईच्या मोहन नगरातून तुमच्याशी बोलतो आहे. या भागात पोलाद कारखान्याची ओळख करून द्यावी लागत नाही. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं आणि पुढे देशाच्या रेल्वेला रूळ इथून जाऊ लागले.

समजा, तुम्ही मराठी विकिपीडियावर ‘रेल्वे रूळ’ हा लेख लिहिलात. त्याखाली रूळ बनवणाऱ्या कारखान्याच्या संकेतस्थळाचा दुवा द्यावा का? प्रश्न इंटरनेटमुळे निर्माण झाल्यासारखा वाटतो, पण त्याचं मूळ जुनं आहे.

१९२६ साली ब्रिटानिका या इंग्रजी ज्ञानकोशात ‘मास प्रॉडक्शन’ म्हणजे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन या विषयावर लेख आला. नाव हेन्री फोर्ड यांचं. प्रत्यक्ष लिहिला त्यांच्या प्रवक्त्यानं. फोर्डचं नाव पाहून वाचक सावध होऊ शकत होता, पण लेखणी कुणाची हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

म्हणून काय कोशाला व्यापाराचा विटाळ असावा? मुळीच नाही. दुर्ग जिल्हा मध्य प्रांतात होता तेव्हा आपली राजधानी नागपूर. त्याच नागपुरात डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी कंपनी काढली, भाग विकले. पुढे काम पुण्याला गेलं आणि तेवीस खंड पुरे झाले. पैसा लोकांकडून, बाजाराच्या रीतीनं उभा राहिला. तेव्हा खरा प्रश्न पैशाचा नाही. लेखात बोलतो कोण, हा आहे.

माझं मत असं. लेख ‘भिलाई पोलाद कारखाना’ या विषयावर असेल, तर त्याचं अधिकृत संकेतस्थळ द्यायलाच हवं. तो त्या संस्थेचा पत्ता आहे. लेख ‘रेल्वे रूळ’ यावर असेल, तर एकाच उत्पादकाचा दुवा म्हणजे दुकानाची पाटी. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाची माहिती उत्पादकाकडून घेतली, तर त्या वाक्यापाशी संदर्भ द्यावा आणि माहिती कुणाची ते सांगावं.

दल्ली-राजहराच्या खाणींतून भिलाईला लोहखनिज आलं. तिथल्या मजुरांची शंकर गुहा नियोगींनी उभी केलेली चळवळ हाही या पोलादाचाच इतिहास. तो केवळ उत्पादकाच्या पानावरून लिहिता येणार नाही. तिथेच तर कोश लागतो.