जगत्तुंग समुद्राकाठचे कंधार

वारकरी माउली, आषाढीच्या वाटेवर नांदेड जिल्ह्यातल्या कंधारची दिंडी आपल्याला कधी ना कधी भेटली असेल. संत साधू महाराजांचे हे गाव. त्या दिंडीतल्या माणसाशी दोन पावले चाला, तो आधी पेरणीचे सांगेल. मृग वेळेवर बरसला तर पेरून निघालेला, नाही तर चाड्यावरची मूठ घरच्यांच्या हाती देऊन निघालेला. त्याच्या गावाकडे जरा निरखून पाहू या.

कंधार मन्याडच्या खोऱ्यात आहे. ही नदी बालाघाटाच्या बाजूने, धर्मापुरीकडून निघते, अहमदपूर-कंधार करीत मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. आपल्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, तेव्हा कंधारचे पाणीही शेवटी गंगेलाच जाते म्हणायचे. पण मन्याड पावसाळी नदी. चातुर्मासात दुथडी, चैत्रात वाळवंट. अशा नदीवर भरवसा ठेवून मोठे नगर वसत नाही. म्हणून राष्ट्रकूटांनी इथे तलाव बांधला. जगत्तुंग हे गोविंद तिसरा याचे बिरुद, आणि तलावाचे नाव जगत्तुंग समुद्र. समुद्रापासून इतक्या दूरच्या माणसांनी साठवलेल्या पाण्याला समुद्र म्हणावे, यातच त्या पाण्याची किंमत कळते. हजार वर्षांहून अधिक काळ लोटला, राजवटी गेल्या, तलाव अजून आहे.

राष्ट्रकूटांच्या काळात इथे अनेक देवळे होती. क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे अवशेषही सापडले आहेत. क्षेत्रपाल म्हणजे शिवाराचा राखणदार. शेतीवर जगणाऱ्या नगराने एवढा मोठा राखणदार उभा करावा, हे मला फार समजण्यासारखे वाटते. पुढे खंदकाचा भुईकोट किल्ला, बहमनी, निजामशाही, मोगल, शेवटी हैदराबादचा निजाम. ती लढायांची जंत्री इथे नको. रेल्वे मात्र सांगितली पाहिजे. 1900 च्या सुमारास गोदावरी खोऱ्याची रेल्वे झाली ती नांदेडवरून. कापसाचा व्यापार आणि गिरणी तिकडे गेली. कंधार तालुक्याचे बाजारगाव राहिले.

या बाजारगावाचे खरे धन गोठ्यात होते. लाल कंधारी हा बैल याच गावाच्या नावाने देशभर ओळखला जातो. गडद तांबडा, मध्यम बांध्याचा, उन्हाला न डगमगणारा. पालखीच्या रथाला आपण पांढरे खिलार पाहतो, तसा मन्याडकाठच्या काळ्या रानात हा तांबडा. त्यामागे हिशेब होता. काळी माती पावसाची ओल धरून ठेवते, त्या ओलीवर रब्बीची ज्वारी विहिरीवाचून येते. कणीस घरात, कडबा गोठ्यात, शेण पुन्हा रानात. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरली की याच बैलांवर वर्षाची देणीघेणी फिटत. लेकीचे लग्न कित्येकदा माळेगावच्या बाजारात ठरे, कारण पैसा तिथे हाती येई.

मग बारूळचे धरण झाले, पुढे लिंबोटीचे. कालव्याखाली आलेल्या रानाचे भले झाले, यात शंका नाही. पण कोरडवाहू शिवारात बदल आणला तो सोयाबीनने. तीन-साडेतीन महिन्यांत पीक, हाती रोख पैसा. लेकरांच्या शिक्षणाला, दवाखान्याला रोख लागते, तेव्हा शेतकऱ्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? मात्र सोयाबीनच्या भुसकटाला कडब्याची सर नाही. ज्वारी घटली तसा कडबा महागला, कडबा महागला तशी दावण रिकामी झाली, आणि दावणीच्या जागी ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर शेण देत नाही. खताची पिशवी विकत, डिझेल विकत, बियाणे विकत. आलेली रोख त्याच वाटेने निघून जाते, आणि काढणीच्या वेळी पाऊस लागला तर तीही येत नाही.

तरी लाल कंधारी संपलेला नाही. दोन-चार जनावरे हट्टाने राखणारी घरे कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर या भागात आहेत. माउली, येत्या मार्गशीर्षात माळेगावला गेलात तर खंडोबाचे दर्शन घेऊन जनावरांच्या बाजारात एक फेरी मारा. तांबड्या बैलांच्या रांगेत उभे राहा आणि मालकाला विचारा, यंदा कडबा कुठून आणला? तो सांगेल ते ऐकून घ्या.